दहा मिनिटं आधी डेकवर

प्रिय पोरी,

तुझी मेल मिळाली. क्लिपर या शिडाच्या बोटींच्या जगफेरी शर्यतीतला केपटाऊन ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल हाच टप्पा घ्यायचं तू नक्की केलंस हे वाचून आनंद झाला, आणि खोटं कशाला सांगू, थोडी धडकीही भरली. तुझे सगळे प्रश्न लाटांबद्दल आहेत. किती उंच असतात, रात्री दिसतात का, बोट आडवी झाली तर काय करायचं. विचार, जरूर विचार. पण लाटांचं बघायला स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, आहे, त्याच्या हाताखाली मेट आहे आणि बोटही त्याच पाण्यासाठी बांधलेली आहे. तुला ज्याची तयारी घरूनच करून जायला हवी ते निराळं आहे. सत्तर फुटांच्या बोटीत वीसएक माणसं, तीन-साडेतीन आठवडे, आणि त्यातल्या प्रत्येकाची झोप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. लांब पल्ल्याच्या शर्यतीतलं निम्मं दुखणं आणि निम्मं सुख यातूनच येतं, म्हणून आधी तेच लिहिते.

गिरगाव चौपाटीसमोर लेझर, म्हणजे एकट्यानं चालवायची छोटी शिडाची डिंगी, चालवताना तू एकटी असतेस. चुकलीस तर तूच भिजतेस आणि दोन तासांनी घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ करतेस. क्लिपरवर माणसं दोन वॉचमध्ये, म्हणजे पाळीनं काम करणाऱ्या टोळ्यांत, वाटलेली असतात. आमच्या बोटीवर दिवसा सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या आणि रात्री चार-चार तासांच्या तीन. बेरीज चोवीसच होते, पण पाळ्या पाच, म्हणून आज मध्यरात्री ते पहाटे चार डेकवर कुडकुडणारी टोळी उद्या त्या वेळी झोपलेली असते. न्यायाच्या दृष्टीनं चोख व्यवस्था. शरीराला ती अंगवळणी पडायला आठवडा लागतो. काहींना कधीच पडत नाही.

चार तास सुटी म्हणजे चार तास झोप असा हिशेब मांडू नकोस. खाली उतरलीस की आधी लाइफजॅकेट काढायचं, मग ओला ड्रायसूट. बोट एका कुशीवर पस्तीस-चाळीस अंशांत कललेली, त्यामुळे एक पाय समोरच्या फळीला लावून, पाठ मागे टेकवून, गळ्याभोवतीचं घट्ट रबर केसांसकट ओढत त्यातून डोकं बाहेर काढायचं. सूट टांगायचा. काहीतरी गरम पोटात ढकलायचं. शौचालयं दोनच, तिथं रांग असली तर रांग. मग बंक, म्हणजे झोपायचा अरुंद बिछाना. बंकची एक कड दोरीनं वरखाली होते. बोट ज्या अंगाला कललेली असेल त्याप्रमाणे ती सारखी करून घ्यायची, नाहीतर झोपेत थेट समोरच्याच्या अंगावर. एवढं होईतो पाऊण तास गेलेला असतो आणि पुढच्या पाळीच्या अर्धा तास आधी उठवायला माणूस हजर. उरले पावणेतीन तास, त्यातही डोक्यावर विंचची, म्हणजे दोर ओढायच्या रहाटाची, करकर आणि कुणाच्या तरी बुटांची धडधड. शिवाय बंक तुझा एकटीचा नाही. तू वर गेलीस की दुसऱ्या वॉचमधली कुणी त्यात शिरते. स्लीपिंग बॅग आपापली, ऊब मात्र सामाईक.

आता या पावणेतीन तासांतले वीस मिनिटं कुणी फुकट घालवली तर माणूस कसा बोलेल ते तूच ठरव. म्हणून दोन गोष्टी पक्क्या कर.

उठवायचं काम तुझ्याकडे आलं की नीट उठव. लाल दिवा लाव, खांद्याला हात लाव, नाव घेऊन हलकी हाक मार, आणि समोरून दोन शब्दांचं तरी धड उत्तर आल्याशिवाय तिथून हलू नकोस. झोपेत ‘हो हो’ म्हणून पुन्हा घोरणारे पुष्कळ. उत्तर आलं की बातमी द्यायची. वारा तीस नॉट (तासाला तीस सागरी मैल), पाऊस नाही पण पाणी अंगावर येतंय, बोट डावीकडे कललेली आहे, आत दोन थर घाल, चहा ठेवलाय. एवढ्यावर तो माणूस काय घालायचं, पाय कुठे टेकवायचा ते ठरवतो. मोघम ‘थंडी आहे हं’ सांगून निघून गेलीस तर तो वर येऊन पुन्हा खाली कपडे बदलायला जाणार आणि तेवढा वेळ तुमच्यातला कुणीतरी त्याच्या जागी उभा राहणार.

आणि तुला उठवलं की दहा मिनिटं आधी डेकवर. पूर्ण कपड्यांत, टेदर, म्हणजे आपल्याला बोटीशी बांधून ठेवणारा दोर, अडकवून. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. कुठलं शीड वर आहे, कुठला दोर कुठल्या विंचवर आहे, हेल्मवरचा, म्हणजे सुकाणूचं चाक धरलेला, काय सांगतोय, हे डोक्यात बसायलाही वेळ लागतो. तू पाच मिनिटं उशिरा आलीस तर ती पाच मिनिटं ज्यानं थंडीत काढली त्याच्या ती पक्की लक्षात राहतात. राजकारणावरून किंवा पैशावरून बोटीवर भांडणं झालेली मी पाहिली नाहीत. उशिरा येणारा, चहाचा मग न विसळता ठेवून देणारा आणि दुसऱ्याचे कोरडे मोजे ‘चुकून’ घालणारा, या तिघांवरून मात्र अबोला धरलेली पन्नाशीची माणसं पाहिली आहेत.

ही शर्यत ज्यांनी काढली ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीला शिडाच्या बोटीतून फेरी मारणारे ते पहिले. १९६८-६९ साली ३१२ दिवसांत त्यांनी ती पुरी केली. त्यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटांची सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. (हे मी बोटीवर प्रत्येकाला, कुणी विचारलेलं नसताना, सांगत असे. तूही सांग.) पुढे १९९६ मध्ये पहिली क्लिपर निघाली ती हौशी माणसांना महासागर दाखवण्यासाठी, ज्यांनी आयुष्यात शिडाचा दोर धरलेला नाही अशांनासुद्धा. त्यामुळे तुझ्या बोटीवर परिचारिका असेल, बँकेतून निवृत्त झालेला कुणी असेल, नुकतीच शाळा संपवलेला पोरगा असेल, सत्तरी गाठलेल्या आजीही असू शकतील. यातल्या बहुतेकांपेक्षा तुझा हात शिडावर चांगला असेल. तो दाखवायची घाई करू नकोस. डिंगीवर तू जे सेकंदात करतेस त्याला इथं सहा माणसं आणि दहा मिनिटं लागतात, आणि मधेच कुणी हुशारी केली तर कुणाच्या तरी हाताचं बोट विंचमध्ये जातं.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस यातलं काहीच तुला आठवणार नाही, कारण पोट जागेवर नसेल. केपटाऊनहून निघताना टेबल माउंटनच्या आडोशाला वारा अचानक गायब होतो आणि आडोसा संपला की तितक्याच अचानक अंगावर येतो. पुढे दक्षिणेला वळलं की अगुल्हासचा प्रवाह. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यानं खाली येणारं हे गरम पाणी नैऋत्येकडे धावत असतं. त्याच्या तोंडावर नैऋत्येचा वारा आला की लाटा उंच होतात, जवळजवळ येतात आणि उभ्या कड्यांच्या बनतात. म्हणजे नवख्या पोटाची परीक्षा पहिल्याच पेपरात. उलटी झाली तर लाजू नकोस, निम्मी बोट करत असते. मात्र कठड्यावरून वाकून करायची नाही, बादलीत करायची. सिनारिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आधी घरीच एखाद्या सुटीच्या दिवशी घेऊन बघ. काहींना तिच्यानं इतकी गुंगी येते की बंदरातच डोळे मिटतात. निघायच्या आदल्या रात्रीपासून ती सुरू करायची, उलट्या सुरू झाल्यावर गिळून उपयोग नसतो. घोटघोट पाणी आणि कोरडं बिस्कीट चालू ठेव. सगळ्यांत चांगला इलाज म्हणजे हेल्म मागून घेणं. क्षितिजाकडे डोळे आणि हातात चाक असलं की पोट बरंचसं गप्प बसतं. खाली पडून राहायचं असेल तर सपाट पडून राहा. खाली बसून बुटांच्या नाड्या बांधणं हे सर्वांत वाईट.

आता टेदर. याबाबत मी कठोर होणार आहे. जिन्याच्या तोंडातून डोकं बाहेर काढण्याआधी हुक अडकवायचा आणि खाली उतरल्यावरच सोडायचा. डेकच्या दोन्ही अंगांनी पट्टे ताणलेले असतात, त्यांना धरून पुढेमागे जायचं. टेदरला एक आखूड आणि एक लांब दोर असतो. काम करताना आखूडच. २०१६च्या एप्रिलमध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये एक क्रू लाटेबरोबर गेली, त्या क्षणी तिचा टेदर लावलेला नव्हता. आणि २०१७च्या नोव्हेंबरमध्ये, तू जाणार आहेस त्याच टप्प्यावर, एक जण पुढच्या डेकवर शीड बदलण्याच्या कामात असताना बाहेर फेकला गेला. त्याचा टेदर लावलेला होता. हुक डेकवरच्या दोर अडकवायच्या क्लीटखाली अडकला, त्यावर आडवा ताण आला आणि तो उघडला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागानं त्यावर सविस्तर अहवाल काढला आहे. इंग्रजी सोपं आहे, जाण्याआधी तो पूर्ण वाच. भीती घालायला सांगत नाही. तो वाचल्यापासून हुक ‘लागला’ म्हणून मी कधी पुढे सरकले नाही. तो मोकळा फिरतोय ना, कशाखाली अडकत नाही ना, हे हातानं चाचपून मगच.

हिशेब साधा आहे. दहा नॉटनं जाणारी बोट सेकंदाला पाच मीटर सरकते, मिनिटाला तीनशे. वर स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्यासाठीचं अवाढव्य शीड, असेल तर ते उतरवून बोट वळवेपर्यंत किती मिनिटं जातात ते ट्रेनिंगमध्ये बाहुला पाण्यात टाकून तुला दाखवतीलच. त्या लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. आणि मदत? २०१८च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं जगफेरी करायच्या शर्यतीत याच दक्षिण हिंदी महासागरात आपल्या अभिलाष टॉमींच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली. गोव्यात बांधलेली बोट ती. पाठीला जबर मार बसला आणि पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर ते जागचं हलताही न येता बंकमध्ये पडून होते. ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज पोचून त्यांना उचलेपर्यंत तीन दिवस गेले, आणि अशा जागी तीन दिवस म्हणजे लवकरच. (पुढे त्यांनी तीच शर्यत पुन्हा घेतली आणि २०२३च्या एप्रिलमध्ये दुसरे आले, ते तुला माहीत असेलच.) एकट्या खलाशाला दुसरा माणूस नसतो. तुला वीस असतील, आणि तुझी रुग्णवाहिका तेच. म्हणून मनगट मुरगळलं, दोन दिवस नीट लघवी झाली नाही, हातावरची जखम लाल झाली, असलं काहीही दडवून ठेवू नकोस. दमलीस तर ‘दमले’ म्हण. दमून चाक हातात धरून ठेवणाऱ्यापेक्षा ‘आता घ्या’ म्हणणारा माणूस मला केव्हाही बरा वाटतो.

चाकाचं निघालंच आहे तर. मागून वारा, वर स्पिनेकर, काळोख, अशा वेळी हेल्म सगळ्यांना हवंसं वाटतं. तुलाही वाटेल आणि ते फार सुंदर असतं. पण तासाभरानंतर डोळे समोरच्या यंत्रांवरच्या आकड्यांना चिकटतात आणि हात उशिरा चालतो. चुकून बोट वाऱ्यापलीकडे गेली की बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला सुटतो. ते होऊ नये म्हणून बूमला पुढून दोर बांधून ठेवतात, पण तो दोर म्हणजे बेफिकिरीचा परवाना नव्हे. आकड्यांऐवजी डोलकाठीजवळ एखादा तारा धर, तो सरकला की बोट सरकली. ढग आला की मान वाऱ्याकडे वळवून गालावर वारा कुठे लागतो ते बघ. लेझरवर तू हेच करतेस, इथे फक्त उत्तर यायला थोडा वेळ लागतो.

शिडांचं काम म्हणजे हमाली आहे, त्याबद्दल गैरसमज ठेवू नकोस. पुढची शिडं फोरस्टेला, म्हणजे डोलकाठीवरून बोटीच्या पुढच्या टोकाला ताणलेल्या तारेला, एकेका हुकानं लावायची, वारा वाढला की उतरवून लहान लावायची, कमी झाला की पुन्हा मोठं. ओलं शीड पुढच्या कोठारातून ओढत आणायला सहा माणसं लागतात आणि त्याच वेळी पुढचं टोक लाटेखाली जात असतं. पण मला सगळ्यांत आवडायचं ते खालचं काम, स्पिनेकर बांधायचं. ते अवाढव्य पातळ कापड ओलंचिंब होऊन सलूनमध्ये, म्हणजे खालच्या बसा-जेवायच्या खोलीत, येऊन पडतं आणि सगळी जागा व्यापतं. जेवणाचे बाक, बंकखालच्या कडा, माणसांचे पाय, सगळं त्याखाली. मग दोघीजणी वरच्या टोकापासून त्याच्या दोन कडा हातात धरून निघतात, बोटांनी शिवण चाचपत, मधे कुठे पीळ नाही ना ते बघत. मागे आणखी दोघं कापड आत कोंबून घट्ट वळकटी करतात आणि हात-दीड हातावर लोकरीच्या धाग्याची गाठ मारत येतात. वर चढवून खालून दोर खेचला की लोकर तटातट तुटते आणि शीड एका दमात उघडतं. आमच्याकडे एक निवृत्त शाळामास्तरीणबाई होत्या. त्या बसल्या जागी डोळे मिटून कड ओळखायच्या आणि शंका आली की सबंध वीस मीटर बांधलेलं सोडायला लावायच्या. पहाटे तीनला, वॉच संपायला दहा मिनिटं असताना. मनातल्या मनात आम्ही त्यांना काय काय म्हटलं असेल ते लिहीत नाही. पण पीळ राहिलेलं शीड वर जाऊन फोरस्टेला गुंडाळलं की कुणाला तरी डोलकाठीवर चढवावं लागतं, आणि फाटलं की शिलाई मशीन काढून दोन दिवस शिवत बसावं लागतं. शिडं, सामान प्रमाणाबाहेर खराब झालं तर गुणही कापतात. बाईंनी बांधलेलं एकही शीड वर जाऊन अडकलं नाही.

तुला शिवण येत नसेल तर आत्ताच शीक. हसू नकोस.

बारीतून एकदा तुला मदर वॉच येईल. त्या दिवशी डेकवरचं काम नाही, दोघांनी मिळून सगळ्यांचा स्वयंपाक, रोजचे पाव, भांडी आणि शौचालयांची सफाई. बदल्यात रात्रभर सलग झोप. ती झोप घेऊन उठलीस की माणसं तुला पुन्हा आवडायला लागतात. ताज्या भाज्या पहिल्या आठवड्यातच संपतात, पुढे डबे, डाळी, पास्ता, तांदूळ. शेगडी बोटीबरोबर झुलत सरळ राहते, तू राहत नाहीस. म्हणून कंबरेला पट्टा, अंगात वॉटरप्रूफ पँट, पायात बूट घालूनच रांध. उकळतं पाणी हातातल्या मगात ओतायचं नाही, तो मग सिंकमध्ये ठेवून त्यात ओतायचं. भाजलं तर डॉक्टर कुठे आहे ते वर लिहिलंच आहे. पदार्थ एका वाडग्यात आणि एका चमच्यात मावणारा हवा. मी कुकर लावून मऊ खिचडी केली, वर तूप-जिऱ्याची फोडणी दिली, आणि त्या दिवसापासून माझी पाळी कधी येते याची चौकशी सुरू झाली. मसाल्याचा एक छोटा घट्ट झाकणाचा डबा घेऊन जा. लोणचं नको, तेल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, गेलं की ते स्पंजनं टिपत तुलाच बसावं लागेल. आणि ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ न्यायचे नियम फार कडक आहेत. उतरायच्या आधी उरलेलं संपव, नाहीतर खरं खरं जाहीर कर. आईनं दिलेली शेंगदाण्याची चिक्की किनाऱ्यावर पोचून खाईन असं ठरवलंस तर ती कचऱ्यात जाण्याची तयारी ठेव.

अंगाचं थोडक्यात. अंघोळ नाही, ओले वाइप्स. मीठ आणि ओल्या कपड्यांनी बसायच्या जागी फोड येतात, झिंकचं मलम रोज लाव, फोड आल्यावर नव्हे. हाताची कातडी भेगाळते, रात्री मलम लावून सुती हातमोजे घालून झोप. कपड्यांचा एक जोड वेगळ्या बंद पिशवीत ठेव आणि तो काही झालं तरी डेकवर घालू नकोस, तो फक्त बंकसाठी. मासिक पाळीचं सामान लागेल त्याच्या दुप्पट ने. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर आधी डॉक्टरांशी बोल आणि एखादा महिना घरी घेऊन बघ. हेड्समध्ये, म्हणजे बोटीवरच्या शौचालयात, पॅड तर सोडच, कागदाचा कपटाही जास्तीचा टाकू नकोस. तुंबलेला पंप ज्यानं एकदा खोलून साफ केला तो ‘हे कुणी केलं’ याचा छडा लावल्याशिवाय राहत नाही.

शर्यत म्हणून सांगायचं तर दर सहा तासांनी इतर बोटींच्या जागा कळतात आणि तेव्हा बोटीवरची हवा बदलते. नकाशावर सरळ रेष ओढलीस तर केपटाऊन-फ्रीमँटल पूर्वेला जातं, पण पृथ्वी गोल असल्यामुळे जवळचा रस्ता दक्षिणेला वाकतो. खाली चाळिशीच्या अक्षांशांत पश्चिमेचे वारेही जोरदार. जितकं खाली जाल तितकं अंतर कमी आणि वारा जास्त, त्याबरोबर थंडी, मोठ्या लाटा आणि मोडतोडही जास्त. आयोजक बर्फाच्या धोक्यामुळे दक्षिणेला एक मर्यादा आखून देतात. तिच्या आत राहून किती खाली उतरायचं हा स्किपरचा जुगार. आपण वरच्या रस्त्यानं गेलो, तिथं वारा पडला आणि खालच्या बोटी सहा तासांत दुप्पट मैल गेल्या, असं एकदा तरी होईल. तेव्हा जेवणाच्या टेबलावर स्किपरच्या निर्णयाची चिरफाड सुरू होते. त्यात तू तोंड घालू नकोस. त्याला मिळालेलं हवामान तुला मिळालेलं नसतं आणि त्यानं आपल्यापेक्षा कमी झोप घेतलेली असते. वारा पडलेल्या बोटीवर करण्यासारखं खूप असतं. सगळ्यांनी वजन एका अंगाला न्यायचं, दोर हलक्या हातानं चालवायचे, पाय आपटायचे नाहीत. अर्ध्या नॉटची किंमत मला तिथंच कळली. गुणपत्रकावर आमचं नाव फार वर कधी दिसलं नाही, तरी त्या शांत रात्री एका बोटीला मागे टाकलं होतं, ते अजून सांगते.

दहाव्या-बाराव्या दिवशी एक मरगळ येते. निघाल्याची धुंदी उतरलेली असते, पोचणं दूर असतं, सगळं ओलं असतं आणि एखाद्या माणसाचं खोकणंसुद्धा सोसवत नाही. ती सगळ्यांना एकाच दिवशी येत नाही एवढी मेहेरबानी. समोरच्याला आली असेल तर सल्ला देऊ नकोस, त्याच्या हाताचं काम घे आणि त्याला चहा दे. तुला आली तर एखाद्या अल्बट्रॉस पक्ष्याकडे बघत बस. ते दिवसच्या दिवस बोटीमागे असतात, पंख न हलवता. माझ्याबाबतीत उपाय लागू पडायचा. नाही पडला तर निदान वॉच संपतो.

जाण्याआधी करायच्या चार कामांत सर्वांत वर दाताच्या डॉक्टरकडे जाणं. लाटांत दाढ ठणकली तर बोटीवरचा प्रथमोपचार पेटीवाला काय करेल याची कल्पना करू नकोस. चष्मा असेल तर दोन जोड्या आणि गळ्यात अडकवायची दोरी. बोलाइनची गाठ पाठीमागे हात करून, डोळे मिटून, थंड पाण्यात बोटं बुडवून, अशी पाच सेकंदांत यायला हवी. इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टचं ट्रेनिंग चार पातळ्यांचं आहे. त्यातली शेवटची तुझ्याच स्किपरबरोबर आणि टीमबरोबर असते, ती चुकवू नकोस, कारण आपल्याबरोबर रात्री कोण उभं राहणार ते तिथेच कळतं. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया दोन्हींचे व्हिसा लागतील. विमानानं जाऊन बोटीनं बाहेर पडायचं, मग बोटीनं शिरून विमानानं परतायचं, हे कागदावर नीट समजावून सांगावं लागतं. म्हणून दोन्हीकडे आत्ताच लेखी विचार.

आणि आईला नकाशावर बोटींच्या जागा दाखवणारा ट्रॅकर दाखवून ठेव. शर्यतीत प्रत्येक बोटीला चोवीस तास आपली जागा लपवायची मुभा असते, स्टेल्थ मोड म्हणतात त्याला. त्या दिवशी नकाशावर तुमचा ठिपका हलायचा थांबेल. हे तिला निघण्याआधी दोनदा समजावून सांग, नाहीतर महासागराच्या मधोमध मुलगी गायब झाली म्हणून पहाटे चारला फोन मलाच येणार आहे.

तुझी,
ताई